जीव टांगणीला लागतो तेव्हा : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

या वेळच्या पत्रांमधली कारणं निरनिराळी आहेत. कुणाची नोकरी, कुणाचा तपासणीचा अहवाल, कुणाचा बसलेला धंदा. तक्रार मात्र एकच आहे : पुढं काय होणार ते कळत नाही, आणि तोवर मन थाऱ्यावर राहत नाही. पत्रं थोडक्यात दिली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. औषधांविषयीची उत्तरं मानसोपचारतज्ज्ञांची आहेत, बाकीची मानसशास्त्रज्ञांची.

प्रश्न : आमच्या कंपनीत माणसं कमी करणार आहेत. यादी दोन महिन्यांनी लागणार म्हणतात. खरं सांगू? काढायचं तर काढून टाका एकदाचं, असं वाटायला लागलंय. वाईट बातमी परवडली, पण हे लटकणं नको. असं वाटणं विचित्र आहे का?

अजिबात नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2016 मध्ये नेमकं हेच मोजलं होतं. 45 जणांना संगणकावर एक खेळ दिला. समोर दगड दिसतात, कुठल्या दगडाखाली साप असेल ते ओळखायचं, आणि साप निघाला की हाताला विजेचा दुखरा झटका. झटका बसणारच, हे ठाऊक असताना लोकांवर जेवढा ताण आला, त्याहून जास्त ताण शक्यता निम्मी-निम्मी असताना आला. ठरलेल्या दुःखाची शरीर तयारी करतं. निम्म्या शक्यतेत त्याला सारखा अंदाज बांधत बसावं लागतं, आणि दमवणूक त्याचीच असते.

अडचण पुढं सुरू होते. अनिश्चितता सहन होत नाही म्हणून मन ती कशीही करून संपवायला बघतं. सहकाऱ्याला दिवसातून चार वेळा ‘काही कळलं का?’ विचारायचं, दर दहा मिनिटांनी ईमेल उघडायचा, साहेबांनी आज मान हलवली की नाही यावरून अर्थ काढायचे. यातल्या प्रत्येक गोष्टीनं पाच मिनिटं बरं वाटतं. ते पाच मिनिटांचं बरं वाटणंच मनाला शिकवतं की पुन्हा बघ, पुन्हा विचार. चिंता टिकून राहते ती या चाळ्यामुळे. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ मिशेल द्युगा यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990च्या दशकापासून यावर काम केलं. त्यांच्या उपचारपद्धतीत ‘खात्री मिळवण्याची धडपड हळूहळू कमी करणं’ हा महत्त्वाचा भाग आहे.

हळूहळू म्हणजे कसं? पहिले दोन दिवस काहीही बदलू नका, फक्त मोजा. खिशात कागद ठेवा आणि विचारलं किंवा तपासलं की एक रेघ मारा. आकडा बहुतेकांच्या अंदाजापेक्षा बराच मोठा निघतो. तिसऱ्या दिवसापासून तपासायच्या वेळा ठरवा, समजा 11, 2 आणि 5 वाजता. मधेच ऊर्मी आली तर ‘नाही’ म्हणू नका, ‘दहा मिनिटांनी’ म्हणा. पुढच्या आठवड्यात दहाची वीस करा. सुरुवातीचे दोन-तीन दिवस चिंता वाढते, आणि बरेच जण नेमके तिथंच सोडतात, कारण त्यांना वाटतं उपाय उलटला. तो उलटलेला नसतो. सवयीला खुराक मिळेनासा झाला की ती आधी आरडाओरडा करते.

दुसरा कागद घ्या तो हातातल्या कामांसाठी. ‘नवीन नोकरी शोधणं’ हे काम नव्हे, तो डोंगर झाला. ‘शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता बायोडेटात गेल्या दोन वर्षांचं काम लिहिणं’ हे काम. पंधरा मिनिटांत सुरू करता येईल एवढं लहान आणि वार-वेळ लिहिलेलं. अशी तीनच कामं लिहा. त्यातलं एक पैशाचं असू द्या : उत्पन्न थांबलं तर घर किती महिने चालेल, हा आकडा एकदा कागदावर मांडा. आकडा वाईट निघाला तरी त्याला शेवट असतो. मनातल्या भीतीला तो नसतो.

प्रश्न : विचार थांबतच नाहीत. सगळे म्हणतात, ‘एवढा विचार करू नकोस.’ करू नको म्हटलं की जास्तच येतात.

तो सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, सल्ला नव्हे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी 1987 मध्ये काही जणांना पाच मिनिटं ‘पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका’ असं सांगितलं. अस्वल येतच राहिलं. नंतर मोकळीक दिली तेव्हा, आधीपासूनच मोकळीक असलेल्यांपेक्षा यांच्या मनात ते जास्त वेळा आलं. तेव्हा चिंता दाबायची नाही, तिला वेळ नेमून द्यायची. ही पद्धत थॉमस बोर्कोवेक यांच्या गटानं 1983 मध्ये मांडली. सोपी वाटते म्हणून लोक ती नीट करत नाहीत, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

रोजची एक वेळ आणि एक खुर्ची ठरवा. वेळ 20 ते 30 मिनिटांची, झोपण्याच्या निदान दोन-तीन तास आधीची. खुर्ची अशी, जिथं एरवी तुम्ही आराम करत नाही. पलंग आणि सोफा बाद. दिवसभर चिंता आली की चार-पाच शब्दांत टिपून ठेवा : ‘हप्ता, मार्चपासून काय?’ किंवा ‘आईचा रिपोर्ट’. मग स्वतःशी म्हणा, ‘साडेसहाला बघू,’ आणि हातातल्या कामाकडे वळा. पाच मिनिटांनी तीच चिंता परत आली तर परत तेच म्हणा. पहिल्या दिवशी वीसदा म्हणावं लागेल, ते अपेक्षितच आहे.

साडेसहाला गजर लावून बसा आणि यादी वाचा. सकाळी छाती दडपवणाऱ्या निम्म्या गोष्टी संध्याकाळपर्यंत शिळ्या झालेल्या असतात, त्यांच्यावर काट मारा. उरलेल्या प्रत्येकीला एकच प्रश्न विचारा : ही आज समोर असलेली अडचण आहे, की ‘असं झालं तर’ आहे? अडचण असेल तर पुढची एक कृती लिहा आणि पुढं जा. ‘असं झालं तर’ असेल तर चार ओळी लिहा : सगळ्यात वाईट काय होईल, सगळ्यात चांगलं काय, बहुधा काय होईल, आणि वाईट झालंच तर पहिल्या दिवशी मी काय करीन. चौथी ओळ सोडू नका. नुसती वाईटाची कल्पना मनाला गरगरवते, ‘पहिल्या दिवशी अमुकला फोन करीन’ एवढ्यानं ती जमिनीवर येते. गजर वाजला की वाक्य अर्धं असलं तरी उठा. उठल्यावर करायचं काम आधीच ठरलेलं असावं आणि ते हातापायांचं असावं. चालणं, भांडी, झाडांना पाणी, काहीही.

बिघडतं कुठं? काही जण ही वेळ अंथरुणात ठेवतात, मग अंथरुणच चिंतेची खुर्ची होतं. काही जण टिपत नाहीत, लक्षात ठेवतो म्हणतात. लक्षात ठेवायचं म्हटलं की मन ती गोष्ट दिवसभर हातात धरून बसतं. आणि बरेच जण तीन दिवसांत सोडतात. दोन आठवडे रोज केल्याशिवाय हिशेब करू नका.

प्रश्न : रात्री तीनला जाग येते आणि सहापर्यंत तळमळत पडते. भरपाई म्हणून आता नऊलाच आडवी होते, तरी फरक नाही.

फरक नाही, कारण नऊला आडवं होणं हीच चूक आहे. तुम्ही नऊ तास अंथरुणात आहात आणि पत्राच्या हिशेबानं झोप साडेपाच तासांची. उरलेले साडेतीन तास तुमचं शरीर शिकतंय की अंथरूण ही जागं राहायची जागा आहे.

सुरुवात उठण्याच्या वेळेपासून करा. रात्र कशीही गेली तरी सहाला उठायचं, सुटीच्या दिवशीही. दिवसा झोपायचं नाही. डोळे मिटायला लागल्याशिवाय अंथरुणावर जायचं नाही, आणि साधारण वीस मिनिटं झोप लागली नाही असं वाटलं तर उठून दुसरीकडे बसायचं. उजेड मंद, हातात कंटाळवाणं काहीतरी, मोबाइल नाही. पेंग आली की परत. एका रात्रीत चारदा उठावं लागलं तरी चालेल. वीस मिनिटं घड्याळात मोजायची नाहीत. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा, कारण ‘तीन वाजले, आता तीनच तास उरले’ हे गणितच झोप उडवतं. रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्ये मांडलेले हे नियम आजही निद्रानाशाच्या उपचाराचा पाया आहेत.

एवढ्यानं भागलं नाही तर अंथरुणातला वेळ कमी करावा लागतो. तुमच्या बाबतीत बारा ते सहा. आठवडाभर नोंद ठेवा. अंथरुणातल्या वेळेपैकी 85 टक्के किंवा अधिक झोप होऊ लागली, म्हणजे सहा तासांपैकी पाच तास सहा मिनिटांच्या वर, की झोपायला जायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आणा. पाच तासांच्या खाली कधीही जायचं नाही. पहिला आठवडा दिवसा डोळे जड होतात, म्हणून लांबचं वाहन किंवा यंत्र चालवणाऱ्यांनी, तसंच अपस्मार किंवा बायपोलर आजार असलेल्यांनी हा भाग स्वतःच्या मनानं करू नये. बायपोलरमध्ये झोप तोडल्यानं उन्मादाचा झटका येऊ शकतो.

कॉफीचंही बघा. शरीरातलं कॅफीन निम्मं व्हायला सर्वसाधारणपणे पाच तास लागतात, म्हणजे चारला घेतलेल्या कपातलं निम्मं कॅफीन नऊला अंगातच असतं. दारूनं झोप लवकर लागते हे खरं, पण उत्तररात्री ती तुटक होते. तीनला जाग येण्यामागं पुष्कळदा दारूच असते.

प्रश्न : बसल्या बसल्या छाती धडधडते, बोटांना मुंग्या येतात, श्वास पुरत नाही, आता मरतो असं वाटतं. ईसीजी आणि रक्ततपासणी दोन्ही व्यवस्थित. ‘दीर्घ श्वास घे’ म्हणतात, त्यानं तर आणखी गरगरतं.

गरगरणारच. घाबरल्यावर श्वास आधीच गरजेपेक्षा जास्त चाललेला असतो. त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात. चक्कर, मुंग्या आणि ‘हवा पुरत नाही’ ही भावना त्यातूनच येते. म्हणजे हवा कमी नाही, जास्त होतेय. वर आणखी छाती भरून श्वास घेतला की आगीत तेल.

लक्ष श्वास सोडण्याकडे द्या. आधी एकदा निवांत सोडा. मग नाकानं चार आकडे मोजत घ्या, छाती गच्च न भरता, नेहमीइतकाच. सहा आकडे मोजत सोडा, शिट्टी वाजवताना ओठ करतो तसे करून. एक आकडा म्हणजे एक सेकंद. मिनिटाला सहा श्वास होतात. पाच मिनिटं पुरे. श्वास सोडताना हृदयाची गती आपोआप थोडी मंदावते, त्याचाच हा फायदा. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय करू नका. त्रास हृदयाचा किंवा दम्याचा निघाला तर तो धोक्याचा ठरतो.

या सरावाची खरी वेळ झटक्याची नव्हे. सकाळ-संध्याकाळ शांत असताना पाच-पाच मिनिटं करा. वादळात पोहायला शिकता येत नाही. झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचून ओसरतो, श्वास मोजला नाही तरी ओसरतो, हे लक्षात राहू द्या. शक्य असेल तर जागा सोडून पळू नका. बसमधून उतरलात की मन शिकतं, ‘उतरलो म्हणून वाचलो,’ आणि पुढच्या वेळी बसस्टॉपवरच धडधड सुरू होते.

ज्यांना असं पहिल्यांदाच होतंय त्यांनी हे वाचून स्वतःचं निदान करू नये. छातीत दाब, हातात किंवा जबड्यात पसरणारी कळ, घाम, श्रमानं वाढणारं दुखणं असेल तर ताबडतोब रुग्णालय गाठा. थायरॉइडची तपासणीही करून घ्या. त्याची अतिक्रियाशीलता हुबेहूब अशीच दिसते.

प्रश्न : संकटाच्या बातम्या किती पाहाव्यात?

दिवसातून दोनदा, पंधरा-पंधरा मिनिटं. उठल्याउठल्या नाही, झोपण्याआधी नाही. व्हिडिओ पाहण्यापेक्षा वाचा. सूचनांचे आवाज बंद. बोस्टन मॅरेथॉनमधल्या 2013च्या बॉम्बस्फोटानंतर झालेल्या एका अभ्यासात, पुढच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा अधिक त्याच बातम्या पाहणाऱ्यांनी प्रत्यक्ष तिथं असलेल्यांपेक्षाही जास्त तीव्र ताणाची लक्षणं सांगितली होती.

प्रश्न : धाकट्या भावाचा धंदा सहा महिन्यांपूर्वी बसला. जेवत नाही, कुणाशी बोलत नाही. परवा म्हणाला, ‘ताई, मी नसलो तर तुम्ही सगळे सुटाल.’ मी विषय बदलला. पुन्हा काढावा का? त्याच्या डोक्यात नसलेलं मीच घालीन अशी भीती वाटते.

आजच काढा. विचारल्यानं आत्महत्येचा विचार मनात पेरला जात नाही, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. विचारल्यानं बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं, कारण इतके दिवस तो विचार ते एकटेच वागवत असतात.

आडवळणानं विचारू नका. ‘तसलं काही वेडंवाकडं मनात नाही ना?’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर मिळतं, कारण प्रश्नातच ते मागितलेलं असतं. शेजारी बसा आणि सरळ म्हणा : ‘परवा तू म्हणालास ते माझ्या मनातून जात नाहीये. तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?’ मग गप्प राहा. उत्तर यायला मिनिट लागलं तरी मधे बोलू नका. ‘हो’ म्हणाला तर रडू नका, रागावू नका, आईवडिलांची आठवण करून देऊ नका. पुढचं विचारा : कसं करायचं हे ठरवलंय का, कधी, आणि त्यासाठी लागणारं काही हाताशी आहे का.

यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. घरातली औषधं, कीटकनाशकं, त्यानं नाव घेतलेली वस्तू त्याच्या हाताबाहेर ठेवा. हे लहानसं वाटतं, पण तीव्र ऊर्मी पुष्कळदा थोडाच काळ टिकते आणि तेवढा काळ साधन हाताशी नसणं जीव वाचवतं. ‘कुणाला सांगू नकोस’ असं वचन मागितलं तर देऊ नका. ‘हे मी एकटी सांभाळू शकणार नाही, पण तुझ्या पाठीमागं कुणाला सांगणार नाही, तुझ्यासमोर सांगीन,’ असं म्हणता येतं. ठरवलेलं काही नाही म्हणाला तरी या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या आणि स्वतः सोबत जा.

बहुधा औषध सुरू होईल. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला आणखी. मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता असे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात होतात. त्यामुळे ‘गुण नाही, त्रासच आहे’ म्हणत लोक दहाव्या दिवशी गोळ्या बंद करतात. अस्वस्थता फार वाढली किंवा मरणाचे विचार वाढले तर वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. बरं वाटल्यावरही एकदम थांबवायच्या नाहीत, नाहीतर चक्कर आणि डोक्यात विजेसारखे झटके येऊ शकतात. डॉक्टर त्या टप्प्याटप्प्यानं उतरवतात.

तोवर त्याला ‘उठ, हिंमत धर’ म्हणण्यापेक्षा रोज एक ठरलेली लहान गोष्ट सोबत करा. साडेसातला दहा मिनिटं चालून येणं, बस्स. मन लागलं की चालू, असं ठरवलं तर ती वेळ येतच नाही. या आजारात आधी पाय चालतात, मन मागून येतं.

प्रश्न : हा साधा ताण की आजार, ओळखायचं कसं?

कालावधी आणि कामकाज, या दोन गोष्टी पाहा. दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, त्यासोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली असेल आणि काम किंवा घर सांभाळणं जमेनासं झालं असेल, तर डॉक्टरांकडे जायची वेळ झाली. जगभर वापरली जाणारी पीएचक्यू-9 ही प्रश्नावली तुम्हाला भरायला दिली जाईल. गेल्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 27. दहा किंवा त्याहून जास्त गुण आले तर पुढची तपासणी लागते. ती घरी भरली तरी चालते, पण ती चाळणी आहे, निदान नव्हे. मरणाच्या विचारांविषयीच्या नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज काहीही आलं तर बेरीज कितीही असो, डॉक्टरांना भेटा. रक्तक्षय, थायरॉइड आणि बी-12ची कमतरता यांतही असाच थकवा आणि उदासी येते, म्हणून रक्ततपासणी सांगितली तर टाळू नका.

प्रश्न : रोज डायरी लिहावी का? लिहून झाल्यावर मला उलट जास्त वाईट वाटतं.

लगेच वाईट वाटणं नेहमीचं आहे, तासा-दोन तासांत ते ओसरतं. जेम्स पेनबेकर यांनी 1986 पासून अभ्यासलेल्या पद्धतीत रोज लिहीत नाहीत. ओळीनं चार दिवस, दर वेळी 15 मिनिटं, जे खुपतंय त्यावर न थांबता लिहायचं आणि मग बंद करायचं. शुद्धलेखन, अक्षर यांची फिकीर नको. काय घडलं एवढंच न लिहिता काय वाटलं तेही लिहा, आणि चौथ्या दिवसापर्यंत ‘कारण’, ‘मला आता कळतं की’ असे शब्द येतात का पाहा. तीच तक्रार त्याच शब्दांत महिनाभर उतरत असेल तर ते दळण झालं, ते थांबवा. घटना अगदी ताजी असेल तर काही आठवडे जाऊ द्या, आणि एखादा विषय लिहिताना हातपाय थरथरू लागले तर तो त्या दिवशी सोडून दुसरा घ्या. लिहिलेलं कुणाला दाखवायचं नसतं, फाडून टाकलं तरी चालतं.